हिशेब आपला, मग संगणकही आपल्या हाताखाली हवा



डहाणू आणि तलासरीच्या ग्रामसंघांमध्ये फिरताना बऱ्याच कार्यालयांत एकच चित्र दिसतं. टेबलावर संगणक, त्याच्यावर भरतकामाचा रुमाल आणि रुमालावर धूळ. विचारलं की उत्तर ठरलेलं : "बिघडलाय. तो मुलगा येणार आहे." तो मुलगा डहाणू स्टेशनवरून नाहीतर तलासरी नाक्यावरून येणार, त्याला सवड होईल तेव्हा येणार आणि गाडीभाड्यासकट पैसे घेणार. तोवर कर्जाची यादी आत अडकलेली.

त्या डब्यात काय आहे ते आठवा. कुणाची बचत किती झाली, कुणी भातलावणीला किती उचल घेतली, कुणाचे किती हप्ते राहिले, सगळं त्यात आहे. वही आपण अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघींच्या नजरेखाली ठेवतो. संगणक मात्र एका परक्या मुलाच्या भरवशावर सोडतो. पासवर्डसुद्धा कधीकधी त्यालाच माहीत असतो!

म्हणून हा पाठ. मला कॉलेजपासून संगणक उघडून बघायची हौस आहे. त्या हौसेतून शिकलेलं, रोज उपयोगी पडणारं तेवढंच इथे सांगते. दहावी झालेली असो की चौथीत शाळा सुटलेली, हे कोणत्याही ताईला जमतं.

आधी ओळख करून घेऊ

संगणकाच्या डब्यात बरंच काही असतं, पण आपल्याला चार वस्तू ओळखता आल्या की पुरे.

हार्ड डिस्क म्हणजे कणगी. लाईट गेली तरी तिच्यातलं धान्य जागेवर राहतं. आपल्या फायली तिथे असतात.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. काम चालू असताना लागणारं सामान तिथे मांडलेलं असतं. लाईट गेली की ओटा रिकामा. म्हणून लिहिता लिहिता मध्येच 'सेव्ह' करायचं. कंट्रोलचं बटण दाबून एस दाबलं की ओट्यावरचं कणगीत गेलं.

पॉवर सप्लाय म्हणजे मागच्या बाजूचा पंखा असलेला लोखंडी डबा. भिंतीतली वीज इथे येते आणि इथून सगळीकडे वाटली जाते. तो कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात काही वेळ वीज साठलेली असते.

मदरबोर्ड म्हणजे मोठी हिरवी किंवा काळी पाटी. बाकी सगळं तिला जोडलेलं असतं.

नेहमीच्या सहा तक्रारी

*१. चालूच होत नाही.* डबा उघडायच्या आधी वीज येते का ते बघा. त्याच बोर्डाला मोबाईलचा चार्जर लावा. मोबाईल चार्ज होत नसेल तर दोष बोर्डाचा. होत असेल तर यूपीएस बाजूला करून संगणकाची वायर सरळ भिंतीला लावा. तेवढ्याने चालू झाला, तर दोष यूपीएसचा, बहुतेक त्याची बॅटरी संपली आहे. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट सारखी येते-जाते, त्यात ही बॅटरी लवकर मरते. शेवटी वायरवरून नजर फिरवा. उंदराने कुरतडलेली वायर मी दोन ठिकाणी पाहिली आहे. अशी वायर चिकटपट्टीने जोडत बसू नका, नवी आणा.

*२. पंखा फिरतो पण पडदा काळा, आणि बीप-बीप आवाज येतो.* बहुतेक वेळा ही रॅमची तक्रार असते. आपल्याकडची हवा खारी आणि दमट. रॅमच्या सोनेरी पट्टीवर त्या हवेचा थर बसतो. संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. डब्याची बाजू उघडा. आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमच्या टोकांवरच्या खिट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. सोनेरी भागावर मुलांचं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कोरड्या सुती कापडाने पुसा आणि पट्टी परत खाचेत बसवा. खिट्यांचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. खोडरबर दहा रुपयांच्या आत मिळतं, आणि याच कामाला कुणी पाचशे मागितले तर आता तुम्हाला माहीत आहे.

*३. तारीख सारखी मागे जाते.* सकाळी चालू केला की संगणक कुठल्यातरी जुन्याच वर्षात असतो. हिशेबावर चुकीची तारीख पडते, आणि इंटरनेटवर 'ही जागा सुरक्षित नाही' असा इशारा येऊन बँकेचं पान उघडत नाही. कारण अगदी लहान आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम त्याचं. काही वर्षांनी तो संपतो. दुकानात 'सीआर २०३२' असं सांगा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. वायर काढून ठेवा, जुना सेल काढा, नवा बसवताना अधिकची खूण वर ठेवा आणि तारीख नीट लावा.

*४. पेनड्राइव्हमधल्या फायली गेल्या, नुसते बाण दिसतात.* घाबरून पेनड्राइव्ह 'फॉरमॅट' करू नका! फॉरमॅट म्हणजे कणगीच रिकामी करणं. हा एक जुना व्हायरस आहे. तो खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या नावाची खोटी चित्रं पुढे मांडतो. त्या बाणाच्या चित्रावर क्लिक केलं की तो तुमच्या संगणकात शिरतो. म्हणून क्लिक करू नका. लिनक्स नावाची प्रणाली असलेल्या संगणकात हा पेनड्राइव्ह लावला तर लपलेल्या फायली बहुतेक वेळा सरळ दिसतात. त्या उचलून दुसरीकडे ठेवता येतात. लिनक्सबद्दल पुढे सांगते.

*५. मराठीत लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर 'किडे-मुंग्या' दिसतं.* जुने मराठी फॉन्ट एक युक्ती करायचे. आत इंग्रजी अक्षरच ठेवायचं आणि वर मराठी अक्षराचा मुखवटा घालायचा. मुखवटा, म्हणजे तो फॉन्ट, दुसऱ्या संगणकावर नसेल तर आतलं इंग्रजी उघडं पडतं. यावर उपाय युनिकोड. युनिकोडमध्ये 'ब' हा कुठेही 'ब'च राहतो, मोबाईलवरही. संगणकाच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडा आणि इन्स्क्रिप्ट कळफलक घ्या. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं अशी मांडणी आहे. पहिले आठ दिवस बोटं अडखळतात, मग सवय होते.

*६. फार हळू चालतो.* कणगी गच्च भरली असेल तर हळू होणारच. लग्नाचे व्हिडिओ आणि न लागणारे प्रोग्राम काढून टाका. पंख्यावरची धूळ संगणक बंद करून मऊ कोरड्या ब्रशने झाडा. गरम झाला की संगणक आपोआप मंद चालतो. आणि तो रुमाल! संगणक चालू असताना त्यावर रुमाल किंवा प्लास्टिक घालू नका, त्याला श्वास घ्यायला जागा हवी.

एक गोष्ट मात्र कधीही आपण करायची नाही. डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर अर्थिंग बिघडलं आहे. लगेच मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ते काम संगणकवाल्याचं नाही, आणि आपलंही नाही.

फुकट वेगळं, मुक्त वेगळं

आता डब्याच्या आतल्या प्रोग्रामकडे येऊ. त्यालाच सॉफ्टवेअर म्हणतात. आपल्या कार्यालयांत दोन प्रकारचं सॉफ्टवेअर सापडतं : विकत घ्यायचं, आणि विकत घ्यायचं पण चोरून टाकलेलं. दुसऱ्याला दुकानात 'क्रॅक' म्हणतात. वापरणाऱ्या ताईला हे बहुतेक माहीतच नसतं.

तलासरीकडच्या एका ग्रामसंघात काय झालं ते सांगते. लेखापरीक्षण दोन दिवसांवर आलेलं. हिशेब लिहिणाऱ्या ताईंनी फाईल उघडली, तर आकडे दिसतात पण एकही बदलता येत नाही. वर लाल पट्टी : पैसे भरा. दुकानदाराने संगणक देताना जे टाकून दिलं होतं, त्याची मुदत संपली होती. दुकानदार फोन उचलेना. वर्षभराचे आकडे ताईंचे स्वतःचे, पण त्यांच्यावर कुलूप दुसऱ्याचं!

आम्ही त्याच संगणकावर लिबरऑफिस टाकलं. जुनी फाईल त्यात उघडली, बेरजा तपासल्या आणि त्याच संध्याकाळी ताळेबंद छापला. काही रकाने थोडे सरकले होते, ते ताईंनीच नीट केले. खर्च शून्य आणि चोरीही नाही. कारण लिबरऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे.

मुक्त म्हणजे काय? आपल्या गावठी बियाण्यासारखं. गावठी भाताचं बी आपण पेरतो, कुणाला विचारत नाही. त्याची जात कशी आहे ते निरखतो. शेजारणीला पायलीभर देतो. चांगली लोंबी निवडून ठेवतो आणि सुधारलेलं बी पुन्हा वाटतो. मुक्त सॉफ्टवेअरचे चार हक्क हेच आहेत : वापरा, आत काय आहे ते शिकून बदला, वाटा, आणि सुधारलेलं वाटा. दुकानातल्या पिशवीतलं संकरित बी मात्र दरवर्षी नवं आणावं लागतं. विकतच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचं तसंच.

इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडच्या लोकांना फरक समजावून सांगावा लागतो. आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. व्हॉट्सॲप फुकट आहे, पण मुक्त नाही. त्याच्या आत काय चालतं ते आपल्याला बघता येत नाही, बदलता येत नाही.

या चळवळीच्या मुळाशी एक दुरुस्तीच आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ज्या प्रयोगशाळेत काम करायचे, तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. कागद अडकला की सगळ्यांच्या संगणकावर निरोप जावा, अशी सोय त्यांना करायची होती. जुन्या प्रिंटरला त्यांनी ती केलीही होती. पण नव्या प्रिंटरचा प्रोग्राम उघडून बघायला मिळेना. दुरुस्ती येत असूनही करू देत नाहीत, हे त्यांना खटकलं. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीचं काम जाहीर केलं. १९९१ मध्ये फिनलंडमधला लिनस टॉरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी त्यात भर घालणारा लिनक्स घेऊन आला. आज जगभरातली हजारो माणसं त्यात सुधारणा करतात. तुमच्या अँड्रॉइड मोबाईलच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. म्हणजे तुम्ही ते रोज वापरता, फक्त नाव माहीत नव्हतं.

आपल्या कामाची मुक्त साधनं

• लिबरऑफिस : पत्रं, ठराव, हिशेबाचे तक्ते यासाठी. २०१० मध्ये सुरू झालं, जर्मनीतली एक ना-नफा संस्था सांभाळते. त्यातला 'कॅल्क' हा भाग आपल्या जमा-खर्चाला पुरेसा आहे.
• फायरफॉक्स : इंटरनेट बघण्यासाठी.
• व्हीएलसी : प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवण्यासाठी. फ्रान्समधल्या कॉलेजच्या मुलांनी सुरू केलेलं. दुसरीकडे न चालणारा व्हिडिओ यात बहुतेक चालतो.
• इंकस्केप : चिकू चिप्स, लोणचं, पापड यांची लेबलं करायला.
• मुक्ता आणि लोहित : मराठीचे मुक्त फॉन्ट. मुक्ता मुंबईच्या एक टाइप या गटाने केला आहे. लेबलावर किंवा बॅनरवर बिनधास्त वापरा, परवाना विकत घ्यावा लागत नाही.

हे सगळं त्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. लिबरऑफिससाठी 'लिबरऑफिस डॉट ऑर्ग'. जाहिरातींनी भरलेल्या दुसऱ्या जागेवरून उतरवलं तर सोबत भलतंच काही येतं.

जुना संगणक भंगारात देण्याआधी

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. बरेच जुने संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाहीत. त्यामुळे 'नवा घ्या' असं तुम्हाला सांगितलं जाईल. घ्यायच्या आधी एक करून बघा.

लिनक्स मिंट नावाची मुक्त प्रणाली आहे. दिसायला जुन्या विंडोजसारखी. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर उत्तम. फाईल साधारण ३ जीबीची आहे. पाड्यावर रेंज नसेल तर कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर आणता येते, कारण ती वाटायला परवानगी आहे. 'रूफस' नावाच्या मुक्त साधनाने ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर उतरवायची. संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला की मिंट नुसती चालवून बघता येते. कणगीला हात लागत नाही. कीबोर्ड, प्रिंटर, इंटरनेट चालतंय का ते आठवडाभर बघा. पसंत पडली तरच कायमची टाका, आणि टाकण्याआधी सगळ्या फायलींची नक्कल बाहेर काढा.

खरं ते सांगते, सगळ्याच ठिकाणी हे बसत नाही. बँक सखीचं अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीची चावी, काही प्रिंटर लिनक्सवर चालतीलच असं नाही. ज्या संगणकावर ही कामं होतात, तिथे आधी तपासा. चालत नसेल तर विंडोज ठेवा आणि त्यावरच लिबरऑफिस, फायरफॉक्स वापरा. ज्या गटांच्या नोंदी मोबाईल ॲपमध्ये होतात त्यांना काहीच अडचण नाही, त्या मोबाईलवर तशाच चालू राहतील.

नक्कल आणि किल्ली

कुठलंही सॉफ्टवेअर असो, हे दोन नियम पाळा.

पहिला, नक्कल. दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशेबाची फाईल दोन पेनड्राइव्हवर घ्या. एक कार्यालयात, एक कोषाध्यक्षांच्या घरी. नावात महिना लिहा, म्हणजे जुनी कोणती आणि नवी कोणती ते कळतं. आणि हाताने लिहिलेली वही बंद करू नका. हार्ड डिस्क एक दिवस मरतेच.

दुसरा, किल्ली. संगणकाचा पासवर्ड कागदावर लिहून पाकीट बंद करा, त्यावर तिघींच्या सह्या घ्या आणि ते तिजोरीत ठेवा. हिशेब लिहिणारी ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तरी आपलं दार आपल्याला उघडता आलं पाहिजे.

हे कोसबाडला नवं नाही

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आणलं. तेव्हा बालशिक्षणाची साधनं परदेशी पद्धतीची आणि महाग होती. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून साधनं तयार केली. हरवलं तर पोरं पुन्हा गोळा करतील, मोडलं तर बाई स्वतः नीट करेल. मुलं शाळेत येईनात, तर शाळा पाड्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली.

साधन जवळचं हवं, परवडणारं हवं आणि आपल्या हाताने दुरुस्त होणारं हवं, हे या टेकडीवर कधीच शिकवून झालं आहे. आपण तेच संगणकाला लावायचं.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. ग्रामसंघाचा संगणक कुणाच्या पासवर्डने उघडतो ते विचारा. नाव एकच असेल तर त्याच दिवशी पाकीट करा.
२. दोन ताई निवडा, एक तरुण आणि एक चाळिशीच्या पुढची. दोघींनी मिळून वायर काढून डबा उघडायचा आणि रॅम, हार्ड डिस्क, गोल सेल, पॉवर सप्लाय या चार वस्तूंवर नुसतं बोट ठेवून नावं सांगायची.
३. लिबरऑफिस टाका. मागच्या महिन्याचा जमा-खर्च त्यात उघडा आणि बेरीज वहीशी ताडून बघा.
४. गेल्या वर्षी संगणक दुरुस्तीवर किती खर्च झाला ते वहीतून काढा. त्यातलं कोणतं काम आता आपल्याला जमलं असतं, यावर चर्चा करा.
५. एका वहीत 'संगणकाचं पान' ठेवा : तारीख, तक्रार, काय केलं, कुणी केलं. पुढच्या वेळी तीच तक्रार आली की आधी हे पान उघडायचं.

दुरुस्तीवाल्या मुलाशी आपलं भांडण नाही. मोठ्या कामाला त्याला जरूर बोलवा. फक्त तो आला की शेजारी खुर्ची घेऊन बसा, काय करतो ते विचारा आणि संगणकाच्या पानावर लिहून घ्या.

ज्या गटांचं पाचवं काम होईल त्यांनी आपलं पान पुढच्या प्रभागसंघ बैठकीला घेऊन या. एका गटाने शोधलेला उपाय बाकीच्या गटांनाही मिळाला पाहिजे, बियाण्यासारखाच.